तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.: विषय कसे निवडायचे, हजेरी का लागते, शिष्यवृत्ती कुठं अडकते

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कला महाविद्यालयात प्रवेश सहज मिळतो. सीईटी द्यावी लागत नाही, फी इतर अभ्यासक्रमांच्या मानानं कमी असते आणि एसटी गावातूनच जाते. त्यामुळं बऱ्याच घरांत बी.ए.चा निर्णय दोन मिनिटांत होतो. ‘कुठंतरी नाव घालून ठेवू, पुढचं पुढं बघू’ असं म्हटलं जातं. नाव घातलं जातं, पण पुढचं कुणी बघत नाही. मग तिसऱ्या वर्षी कळतं की विषय चुकला, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेला होता, किंवा टक्के इतके कमी पडले की बी.एड.चं दार बंद झालं.

गेल्या दोन-तीन वर्षांत बी.ए.चा साचाच बदलला आहे. ज्यांच्या घरात मोठ्या भावानं किंवा काकानं जुन्या पद्धतीनं बी.ए. केलं, त्यांचा सल्ला आता निम्माच उपयोगी पडतो. म्हणून आत्ताच्या बी.ए.त काय चालतं याची ही माहिती. बारीकसारीक नियम विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळं कुठं कॉलेजच्या कार्यालयात विचारायचं तेही सांगितलं आहे.

नवं बी.ए. म्हणजे काय

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. राज्य सरकारनं २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं पदवीचा नवा आराखडा ठरवला. आधी तो स्वायत्त महाविद्यालयांत आला आणि २०२४-२५ पासून विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजांत, म्हणजे तालुक्याच्या कॉलेजांतही, लागू झाला.

आता सगळा हिशेब श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटवर चालतो. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० ते १७६ क्रेडिटची. लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास शिकवणं. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट ३० तासांचं. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला किमान २० ते २२ तास वर्गात बसणं आलं. ‘बी.ए.ला जावं लागत नाही’ हे बोलणं या हिशेबात बसत नाही.

जुन्या पद्धतीत तिसऱ्या वर्षी ‘स्पेशल’ विषय असायचा. आता त्याच्या जागी मेजर आलं. जोडीला मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. नावं ऐकून पोरं गांगरतात, पालक तर जास्तच. गुणपत्रिकेवर शेवटी वजन राहतं ते मेजर आणि मायनरचं.

विषय निवडताना

अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय घ्यावे लागतात. दुसऱ्या वर्षात जाताना त्यातला एक मेजर होतो, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. म्हणजे जूनमध्ये मित्राचं बघून जे तीन विषय फॉर्मवर टाकले, पुढचं सगळं त्यातूनच निघणार. इतिहास हवा होता पण पहिल्या वर्षी घेतलाच नाही, तर दुसऱ्या वर्षी तो मेजर म्हणून मिळणं अवघड.

ज्याला हायस्कूलवर शिक्षक व्हायचं आहे त्यानं हे फार जपावं. बी.एड.ला अध्यापन पद्धतीचा विषय पदवीच्या विषयावरून ठरतो. मराठी, इंग्रजी, हिंदी, इतिहास, भूगोल हे शाळेत शिकवले जाणारे विषय आहेत. राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊ नये असं नाही. पण ते घेताना पुढचा रस्ता कुठं जातो ते आधी विचारून घ्यावं.

स्पर्धा परीक्षेसाठी मेजर कोणता, हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो. राज्यसेवा असो, पीएसआय असो की ग्राम महसूल अधिकारी (आपला तलाठी), पात्रतेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. गोल काळे करण्याची तयारी तिथं पुरत नाही, पानंच्या पानं स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतात. बी.ए.च्या वर्गात निबंध आणि ट्युटोरियल लिहून घेतात त्याचा उपयोग इथं होतो. एवढं असून पोरं वर्ग बुडवून अकॅडमीच्या नोट्स पाठ करतात.

आता थोडं अवघड बोलणं. छोट्या कॉलेजात एका विषयाला एकच प्राध्यापक असतो. ते निवृत्त झाले आणि जागा भरली नाही, तर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक येतात. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळतं. नेमणूक सत्रापुरती असते आणि आदेश निघायला कधी कधी सत्र निम्मं सरतं. यातले कित्येक जण नेट-सेट झालेले, जीव तोडून शिकवणारे असतात. दोष त्यांचा नाही. पण प्रवेश घेताना ‘या विषयाला सर किंवा मॅडम आहेत का, पूर्णवेळ की तासिकेवर, आणि मागच्या वर्षी तास कधी सुरू झाले’ एवढं विचारायला लाजू नये. सगळ्यात खरं उत्तर दुसऱ्या वर्षाच्या पोरांकडून मिळतं.

ओपन इलेक्टिव्हची अडचण वेगळी. तो विषय दुसऱ्या शाखेतला असावा लागतो, आणि जिथं फक्त कला शाखाच आहे तिथं पर्याय एक-दोनच उरतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या व्यासपीठावर मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम असतात आणि यूजीसीच्या नियमाप्रमाणे सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. पण त्यासाठी कॉलेजची आणि विद्यापीठाची आधी मंजुरी लागते. स्वतःच्या मनानं मोबाइलवर कोर्स पूर्ण केला आणि नंतर क्रेडिट मागितले, तर मिळतीलच असं नाही.

हजेरी आणि हंगाम

बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीची अट आहे. अनेक तालुक्यांत कॉलेज सकाळचं भरतं, कारण दुपारनंतर पोरांना शेतात किंवा दुकानात काम असतं. सोय चांगली आहे, पण सत्राचं वेळापत्रक शेतीकडं बघून केलेलं नसतं. पहिलं सत्र पावसाळ्यात सुरू होतं. सोयाबीनची काढणी सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात येते, तेव्हाच अंतर्गत चाचण्या आणि प्रकल्प जमा करायची तारीख असते. मग कापसाची वेचणी आणि पाठोपाठ लेखी परीक्षा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या पोरांचं तर दिवाळीनंतर सगळंच विस्कटतं.

अंतर्गत गुण किती आणि लेखीचे किती, हे प्रमाण विद्यापीठागणिक वेगळं आहे. काही ठिकाणी दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखी पेपर चांगला गेला आणि चाचणीला गैरहजर म्हणून विषय राहिला, असं होतं ते याच नियमामुळं. काढणीचे आठ-दहा दिवस बुडणार हे माहीत असेल तर सरांना आधी सांगावं, चाचणी किंवा असाइनमेंटची तारीख विचारून घ्यावी. छोट्या कॉलेजात एका वर्गात तीस-चाळीस पोरं असतात, सर नावानं ओळखतात. शहरातल्या मोठ्या कॉलेजात हे मिळत नाही. आधी सांगितलेलं बहुतेक वेळा ऐकलं जातं, परीक्षेनंतर रडलेलं ऐकलं जात नाही.

विषय राहिला तर एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येतं. किती विषय किंवा किती क्रेडिट राहिले तर चालतात, हे आपल्या विद्यापीठाचा नियम बघून ठरवायचं, शेजारच्या जिल्ह्यातल्या मावसभावाचं ऐकून नाही.

एसटीच्या पासबद्दल एक गोष्ट. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो. कॉलेजात गेलं की तो थांबतो आणि ६६.६७ टक्के सवलतीचा मासिक पास घ्यावा लागतो, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा आपण भरायचा. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे म्हणून काही मुली रोज अर्धं तिकीट काढतात. रोज येणाऱ्या मुलीला पासच स्वस्त पडतो. त्यासाठी कॉलेजचं बोनाफाईड किंवा ओळखपत्र लागतं. २०२४ पासून एसटी महामंडळानं पास शाळा-कॉलेजातच देण्याची पद्धत सुरू केली आहे. आपल्याकडं ते होत नसेल तर प्राचार्यांमार्फत आगाराला कळवता येतं.

शिष्यवृत्तीचा अर्ज

शिष्यवृत्ती मिळत नाही अशी ओरड असते, पण अर्ज अडकण्याची कारणं ठरलेली आहेत. सगळे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात आणि दरवर्षी नव्यानं किंवा नूतनीकरण करून भरावे लागतात. गेल्या वर्षी मिळाली म्हणून यंदा आपोआप येत नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्याच्या वर उत्पन्न असेल तर फी माफीची वेगळी योजना, म्हणजे फ्रीशिप बघावी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला लोक अजून ‘ईबीसी’च म्हणतात, तिची मर्यादा ८ लाख आहे आणि ती कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरती आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि अनुसूचित जमातीसाठी वेगवेगळ्या योजना आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ‘स्वाधार’, अनुसूचित जमातीसाठी ‘स्वयंम’ आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’ या योजनांतून राहण्या-खाण्याची रक्कम मिळते. कॉलेज कोणत्या ठिकाणी आहे यावर रक्कम आणि पात्रता ठरते, म्हणून समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात चालू वर्षाचा नियम विचारावा.

एक गैरसमज फार पसरलाय. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ‘मुलींचं सगळं शिक्षण फुकट’ असे मेसेज फिरले. तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. बी.ए.ची फी त्यावर धरून चालू नये, आपल्या मुलीला कोणती योजना लागू होते ते कार्यालयात वेगळं विचारावं.

अर्ज कुठं अडकतो? एक, बँक खात्याला आधार जोडलेलं असतं पण एनपीसीआयला सीडिंग झालेलं नसतं, किंवा ते जुन्या, बंद पडलेल्या खात्याला असतं. पैसे सीडिंग असलेल्या खात्यातच जातात. दोन, उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा लागतो आणि जूनमध्ये सेतूवर रांग लागते, त्यामुळं दहावी-बारावीच्या सुट्टीतच काढलेला बरा. तीन, अर्जात चूक निघाली की तो विद्यार्थ्याच्या लॉगिनला परत येतो. नेटकॅफेवाल्यानं स्वतःचा मोबाइल नंबर टाकलेला असेल तर विद्यार्थ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. लॉगिन, पासवर्ड आणि मोबाइल नंबर स्वतःचाच ठेवावा आणि पंधरा दिवसांनी एकदा अर्जाची स्थिती बघावी. चार, ‘राइट टू गिव्ह अप’ नावाचं बटण. त्याचा अर्थ ‘मला ही शिष्यवृत्ती नको’. घाईत ते दाबून हक्काचे पैसे सोडून देणारी पोरं दरवर्षी निघतात, आणि कॉलेजांना त्यासाठी वेगळी नोटीस काढावी लागते.

गाव हीच प्रयोगशाळा

कला शाखेला प्रयोगशाळा नसते असं म्हणतात. नव्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचं काम आलं आहे, ते मनावर घेतलं तर हे खोटं ठरतं. भूगोलाच्या विद्यार्थ्याला गावातल्या विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजून नकाशावर मांडता येते. त्यासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. अर्थशास्त्राच्या मुलीला आठवडी बाजारातले भाव आणि बाजार समितीतले भाव तीन महिने लिहून ठेवता येतात. मराठीवाल्यांना आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, शेतीतल्या अवजारांचे आणि जातिवंत बियाण्यांचे शब्द गोळा करता येतात; ती पिढी गेली की हे शब्द कुठून मिळणार नाहीत. इतिहासवाल्यांना वेशीजवळच्या वीरगळांची नोंद करता येते.

आणि मोडी लिपी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुनी कागदपत्रं वाचायला मोडी येणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावी लागली. जमिनीचे जुने दस्तही मोडीत असतात. इतिहास किंवा मराठीच्या विद्यार्थ्यानं हे शिकून घेतलं तर हातात काहीतरी राहतं. पुराभिलेख विभाग आणि काही विद्यापीठं, कॉलेजं मोडीचे वर्ग घेतात.

इंटरनेटवरून उचलून छापलेला प्रकल्प मात्र वाया जातो. शंभर रुपयांत स्पायरल बाइंडिंग करून देणारी दुकानं प्रत्येक तालुक्याला आहेत. गुण मिळतीलही, पण मुलाखतीला ‘प्रकल्प कशावर केला’ म्हटलं की माणूस गप्प होतो.

प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण साधारण तिसऱ्या वर्षी येतं. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. कला शाखेच्या पोरांना जागा कोण देणार, हा प्रश्न बरोबर आहे, पण ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध संघ, बाजार समिती, सार्वजनिक वाचनालय, स्थानिक वर्तमानपत्र ही सगळी ठिकाणं तालुक्यातच आहेत. प्राचार्यांचं पत्र घेऊन आधी जाऊन विचारणाऱ्याला जागा मिळते.

एनएसएस, एनसीसी आणि कमवा व शिका

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, असं दोन वर्षं, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आता त्याला सहशैक्षणिक उपक्रमाचे क्रेडिटही मिळतात. एनसीसीत ‘बी’ आणि नंतर ‘सी’ प्रमाणपत्र मिळतं आणि सैन्यभरतीत त्याला सवलतीचे गुण आहेत. पोलीस किंवा सैन्यात जायचं म्हणून पहाटे पळणाऱ्या पोरांनी पहिल्याच वर्षी एनसीसीत नाव द्यावं. तिसऱ्या वर्षी जाग आली तर ‘सी’ होत नाही.

कमवा आणि शिका ही कल्पना याच मातीतली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. तिथं पोरं हातानं काम करून शिकली. आज अनेक विद्यापीठं ही योजना चालवतात. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासाप्रमाणे काम आणि त्याचं मानधन. जागा मोजक्या असतात, अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये घेतले जातात आणि नोटीस बोर्डावर लागते, व्हॉट्सअॅपवर येईलच असं नाही.

मधेच शिक्षण सुटलं तर

सगळ्यात जास्त गळती मुलींची आणि ती बहुतेक दुसऱ्या वर्षी. लग्न ठरतं, सासर दुसऱ्या जिल्ह्यात असतं आणि बी.ए. राहून जातं. नव्या पद्धतीची खरी किंमत इथं आहे, आणि नेमकं हेच कुणी घरोघरी सांगत नाही. पहिलं वर्ष पूर्ण करून ४ जादा क्रेडिटचं कौशल्याचं काम केलं तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर तसंच करून पदविका मिळते. मिळवलेले क्रेडिट ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये विद्यार्थ्याच्या १२ अंकी क्रमांकावर जमा राहतात. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. सासरच्या तालुक्यातल्या कॉलेजात प्रवेश घेताना हे क्रेडिट दाखवता येतात; विषय जुळतात का ते ते कॉलेज आणि विद्यापीठ बघतं.

हा क्रमांक डिजिलॉकरवरून काढता येतो. काढताना आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकच आहे ना, ते बघावं. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि कॉलेजात माहेरचंच राहिलं की क्रेडिट जमा व्हायला अडचण येते. शिक्षण चालू असेपर्यंत आधारवरचं नाव न बदललेलं बरं.

रोज येणं शक्यच नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. नुसतं नाव घालून वर्षभर घरी बसण्यापेक्षा तिथून रीतसर बी.ए. करणं कधीही चांगलं.

कॉलेजात मुलींना त्रास झाला तर अंतर्गत तक्रार समितीकडं तक्रार करता येते. ती प्रत्येक कॉलेजात असावीच लागते. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या मोफत क्रमांकावर नोंदवता येते.

पदवीनंतर लागणारे टक्के

नुसतं पास होणं पुरत नाही, ते इथं कळतं. बी.एड.साठी खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के लागतात. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी ४५ टक्के. राखीव प्रवर्गांना दोन्हीकडं सवलत आहे, आणि दोन्हींची सीईटी असते. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि तालुक्याच्या कॉलेजात चौथं वर्ष सुरू आहे का ते आधी बघावं लागतं.

कॉलेज सोडताना शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे टीसी, सहाही सत्रांच्या गुणपत्रिका आणि एनएसएस-एनसीसीची प्रमाणपत्रं एकाच वेळी घ्यावीत. पुढचं शिक्षण दुसऱ्या विद्यापीठात असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. ते विद्यापीठातून येतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून निकाल लागल्याच्या आठवड्यातच अर्ज टाकावा. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा असतो. दीक्षांत समारंभाच्या आधी तो भरायचा राहिला, तर प्रमाणपत्रासाठी पुन्हा पुढच्या समारंभापर्यंत थांबावं लागू शकतं.